आधी कोणाकडे

अकरा वर्षांत गुरुजींची शीर माझ्याकडून पहिल्यांदा हुकली ती त्या सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. ती हुकण्यासारखी शीर नव्हती. डायलिसिसवरच्या माणसाच्या हातात शीर आणि धमनी शस्त्रक्रिया करून एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या शिरेत रक्त इतक्या जोराने येतं की काही महिन्यांत ती फुगून करंगळीएवढी जाड होते, आणि वर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं वाटतं. आंधळ्यालाही सापडेल. गुरुजींच्या डाव्या हातावरची तर मला मनगटापासून कोपरापर्यंत पाठ होती. कुठे वळते, कुठे दबते, कुठे जुन्या सुयांनी कातडी दगडासारखी झाली आहे, सगळं. तरी सुई आरपार गेली. बघता बघता कातडीखाली लिंबाएवढा गोळा धरला, आधी लाल, मग निळा. गुरुजी दात आवळून 'स्स' म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून हसले. "काय गं मुली, लक्ष कुठे आहे?"

लक्ष टीव्हीवर होतं. म्हणजे टीव्हीवर आणि गुरुजींच्या तोंडावर. सुई टोचायच्या क्षणभर आधी समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत, युद्धाच्या बातम्यांत, एक सात मजली इमारत कंबरेतून वाकली, थोडी थांबली, आणि बसली. खाली बसली, एखादी दमलेली बाई बसते तशी. आणि गुरुजी म्हणाले, "वा!" मोठ्याने नाही, ओरडून नाही. कोणी चेंडू सुरेख टोलवला की आपण म्हणतो तसं. त्या 'वा'च्या आणि माझ्या सुईच्या मध्ये काय झालं ते मला सांगता येत नाही. मी गोळ्यावर कापूस दाबून धरला, बर्फ लावला, दुसरी जागा शोधली, सॉरी म्हटलं. दिवसभर बाकीच्यांच्या सुया लावताना एकच गोष्ट मनात कुरतडत होती. हुकली, की हुकवली?

आमचं केंद्र म्हणजे एका लांबट हॉलमध्ये आठ खाटा आणि आठ यंत्रं. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही, तंत्रज्ञ आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला हे समजावून सांगायची, मग नाद सोडला. माणसं आठवड्यातून तीन दिवस येतात, वजनकाट्यावर उभी राहतात, खाटेवर पडतात, हात पुढे करतात. एका सुईतून रक्त बाहेर जातं, यंत्रात धुतलं जातं, दुसऱ्या सुईतून परत येतं. चार तास. हालायचं नाही. त्या चार तासांत माणसाचं रक्त त्याच्या डोळ्यांसमोर पारदर्शक नळीतून फिरत असतं आणि त्याला करायला काही नसतं, म्हणून टीव्ही.

पाच नंबरवर गुरुजी, सहा नंबरवर ड्रायव्हरकाका. सहा वर्षं दोघे शेजारी. गुरुजींनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, ड्रायव्हरकाकांनी सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली. किडनीच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, तहान हा त्यांचा कायमचा विषय. गुरुजी थर्मासमध्ये बर्फाचे चार तुकडे आणायचे आणि त्यातले दोन ड्रायव्हरकाकांच्या तळहातावर ठेवायचे. "घे, टाकी भरून घे." ड्रायव्हरकाका तो तुकडा गालात धरून म्हणायचे, "गुरुजी, तुम्हाला फुकट पास." एकाचं यंत्र वाजलं की दुसरा आधी मान वर करायचा. चार नंबरवरचा दुकानदार गेला तेव्हा आठवडाभर दोघे एकमेकांशीसुद्धा बोलले नाहीत, नुसते बर्फ चोखत पडून राहिले.

आणि ड्रायव्हरकाकांची ती गोष्ट. त्यांनी ती एकदाच सांगितली होती, छताकडे बघत, मला आणि गुरुजींना. शहरात दंगल चालू होती, रस्त्यावर टायर पेटवून टाकले होते, त्यांनी बस थांबवली आणि जमावाने ती पेटवली. पुढच्या दाराने माणसं उतरवली. मागचं दार अडकलं होतं. आत एक म्हातारी आणि तिची सून राहिली. "थांबलो नसतो, तशीच टायरांवरून घातली असती तर निघालो असतो," ते म्हणाले, "चौकशीत माझी चूक नाही असंच निघालं. पण चौकशीवाले त्या बसमध्ये नव्हते." त्या दिवशी गुरुजींनी आपला मोकळा उजवा हात आडवा टाकून त्यांची बोटं धरली होती, आणि दोघांची यंत्रं संपून वाजेपर्यंत सोडली नव्हती.

मग ते युद्ध सुरू झालं. इतकं लांबचं की पहिल्या आठवड्यात आम्हाला गावांची नावंसुद्धा उच्चारता येत नव्हती. गुरुजींना येत होती. त्यांना त्या मुलखातल्या नद्या पाठ होत्या, ते बोटाने हवेत नकाशा काढायचे, इथे डोंगर, इथे खाडी, हा किनारा. एक देश मोठा, एक छोटा, म्हणून हॉलमध्ये आम्ही त्यांना मोठे आणि धाकटे म्हणायला लागलो. जणू शेजारच्या घरातले दोन भाऊच. सुरुवातीला सगळेच 'बिचारी माणसं' म्हणत होते. दहा दिवसांत काय झालं कोण जाणे, आठ खाटांवर दोन बाजू पडल्या. कोणी पाडल्या नाहीत, दुधासारख्या फाटल्या. गुरुजी मोठ्यांचे. "किनारा मुळात मोठ्यांचाच होता. शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे काढून बघ." ड्रायव्हरकाका धाकट्यांचे. "नकाशात माणसं दिसतात का हो गुरुजी?" "माणसं येतात आणि जातात, नदी तिथेच राहते." "मग नदीला मत द्या. मी माणसांचं बोलतोय." पहिल्यांदा हसून, मग हसल्याशिवाय, मग एकमेकांकडे न बघता, टीव्हीशी बोलल्यासारखं. बर्फाचे तुकडे द्यायचं गुरुजींनी कधी बंद केलं ते मला आठवत नाही. एके दिवशी बघते तर ते चारही तुकडे एकटे चोखत होते.

मी धाकट्यांची होते. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण माझं मलाच कळलं होतं. माझा नवराही धाकट्यांचा. तो लिफ्टची दुरुस्ती करतो, दिवसभर विहिरीसारख्या बोळात लोंबकळत असतो, घरी आला की ग्रीसने काळी झालेली बोटं घासत बसतो. लग्नाला सोळा वर्षं झाली, बोलण्यासारखं सगळं बोलून संपलं होतं. भाजी काय आणि दिवा कोणी घालवायचा, एवढंच उरलं होतं. युद्ध सुरू झालं आणि आम्ही बोलायला लागलो. तो फोनवर नकाशा उघडायचा, मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची. "आज आपण पूल घेतला," तो म्हणायचा. आपण! आणि मी विचारायची, "आपले किती गेले?" तो सांगायचा, "आपले थोडे, त्यांचे बरेच," आणि आम्ही जेवायचो, आणि जेवण चांगलं लागायचं. एकदा त्याने मला एक चित्रफीत दाखवली. वरून, खूप उंचावरून घेतलेली. शेतातून एक माणूस पळतो आहे, मुंगीएवढा, तो थांबतो, वर बघतो, हात वर करतो, आणि मग पांढरा ठिपका, धूर. मोठ्यांपैकी होता. नवरा म्हणाला, "परत बघायचंय?" मी हो म्हटलं. आम्ही ती चार वेळा बघितली. तिसऱ्या वेळी माझ्या पोटात एक ऊब पसरली, आणि ती ऊब माझ्या ओळखीची होती.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची ती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, खालच्या मजल्यावर माझ्या मैत्रिणीचं घर. पाण्याच्या टाकीवरून भांडण. टाकी वर, नळ खाली, कोण आधी भरणार, असलं काहीतरी. महिनाभर धुमसत होतं. मग एका सकाळी जिन्यातच पेटलं. माझ्या आईने मैत्रिणीच्या आईची वेणी हाताला गुंडाळून तिला दोन पायऱ्या खाली ओढलं. तिचा नवरा धावला, तर माझे वडील खिडकीचा सुटलेला गज घेऊन उतरले. गज त्याच्या कानामागे बसला. आवाज आला तो मला अजून येतो. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा, आतून बंद. तो माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकला आणि भिंतीवर त्याच्या कानातल्या रक्ताचा ओघळ उमटला. मी वरच्या पायरीवर उभी होते. खालच्या दारात माझी मैत्रीण उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी आदल्या दिवशीच एका चादरीखाली बसून बाहुलीला ताप आणला होता. आणि मला काय वाटलं? भीती नाही. दया नाही. मला वाटलं, आपले जिंकले. पोटात ऊब. तिचे वडील वाचले, एका कानाने बहिरे झाले, पुढे ते लोक घर सोडून गेले. वडील सहा महिने आत होते. घरात तो विषय कधी निघाला नाही. मी शिकले, दवाखान्यात लागले, रक्ताला न भिणारी मुलगी म्हणून माझं कौतुक झालं. कशी भिणार?

सोमवारी सुई हुकली. बुधवारी मी गुरुजींच्या हातावरचा निळा डाग दाबून बघितला तेव्हा ते म्हणाले, "बरा होतोय. तुझ्या धाकट्यांनी केलेली जखम." मी चमकले. त्यांना कसं कळलं? ते डोळे मिचकावून हसत होते, पण ते हसू डोळ्यांच्या अलीकडेच थांबलं होतं. चौतीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकावरची तोंडं वाचलेला माणूस तो. त्या दिवशी त्यांचं नि ड्रायव्हरकाकांचं चांगलंच वाजलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "पेन्शन खाऊन दुसऱ्यांच्या पोरांना मारायला निघालाय म्हातारा." गुरुजींचा रक्तदाब एकशेऐंशी झाला. मी यंत्रावर आकडा बघितला, गोळी दिली, आणि टीव्ही बंद करावा असं माझ्या मनात आलं. रिमोट माझ्या खिशात होता. मी बंद केला नाही. मला बातमी ऐकायची होती.

शुक्रवारी बस आली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, सगळ्यांचे दोन तास झाले होते. दुसरा तंत्रज्ञ मागे पाण्याच्या खोलीत गाळण्या बदलायला गेला होता. हॉलमध्ये मी आणि सफाईच्या मावशी. मावशींना युद्धाचं काही नव्हतं. "त्या डब्याला आग लावा एकदाची," एवढंच त्या टीव्हीकडे बघून म्हणायच्या. टीव्हीवर एक पूल दाखवत होते. धाकट्यांच्या गावातून बायकामुलं घेऊन निघालेली एक बस पुलावर थांबली होती आणि मोठ्यांचा तोफगोळा तिच्या बाजूला पडला होता. बस कठडा तोडून खाली गेली होती. नदीत तिचं छप्पर दिसत होतं, पिवळं, आणि त्याच्या भोवती कपडे तरंगत होते. की कपड्यांत कोणी होतं, ते कळत नव्हतं. आठ यंत्रांचे पंप तेवढे एका लयीत फिरत होते. मग गुरुजी बोलले, अगदी शांतपणे, फळ्याकडे पाठ करून मुलांना सांगावं तसे. "पुलावर बस थांबवतं का कोणी?"

ड्रायव्हरकाका म्हणाले, "पुढे रस्ता बंद असेल."

"मग मागे घ्यायची. एवढी अक्कल नको?"

"गुरुजी, मागे गाड्या असतात. भरलेली बस मागे घेणं म्हणजे खडूने रेघ ओढणं नाही. पुरे करा."

"पुरे काय? खरं तेच सांगतोय. गोळा टाकणाऱ्याने गोळा टाकला, ते त्याचं काम. माणसं मारली ती त्या ड्रायव्हरने. असे ड्रायव्हर असले की माणसं जळणारच."

टीव्हीवरची बस जळली नव्हती. ती पाण्यात पडली होती. हे मला कळलं, आणि त्याच क्षणी मी ड्रायव्हरकाकांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे चेहरा उरलाच नव्हता. एक मोठं, करड्या रंगाचं, ताणलेलं कातडं. ते उठून बसले. डाव्या हातात सुया होत्या, तो त्यांनी तसाच ओढला, आणि उजवा हात लांब करून गुरुजींच्या हातातून यंत्राकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या मुठीत धरल्या आणि दोरीने बादली ओढावी तशा हिसडल्या. चिकटपट्ट्या फाटल्याचा आवाज आला. गुरुजींच्या दोन्ही सुया कातडी फाडून बाहेर आल्या. रक्त वाहिलं नाही, उडालं. आधी छताच्या दिशेने, मग भिंतीवर, मग टीव्हीच्या काचेवर. प्रत्येक ठोक्याला एक झोत. त्या हिसड्यात ड्रायव्हरकाकांची स्वतःची एक सुई निघाली आणि त्यांच्या यंत्राचा पंप त्यांचं रक्त खाली फरशीवर टाकत राहिला. दोन्ही यंत्रं किंचाळायला लागली. रक्त गोठू नये म्हणून यांना औषध दिलेलं असतं. यांचं रक्त आपल्यासारखं आपोआप थांबत नाही. दाबावं लागतं, ताबडतोब, सगळा जोर लावून.

मी दोन्ही खाटांच्या पायथ्याशी मधोमध उभी होते. तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. कोणाचं जास्त आहे हे बघायला अकरा वर्षांचा अनुभव लागत नव्हता. मी तीन पावलं टाकली ती सहा नंबरकडे. पंप बंद केला, चिमटा लावला, ड्रायव्हरकाकांचा हात दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला. ते ओरडत होते, "मला सोड! अगं सिस्टर, मला सोड, तिकडे जा, तो मरेल!" ते मोकळ्या हाताने मला ढकलत होते. त्यांच्या हातातून फार येत नव्हतं. त्यांचाच दुसरा अंगठा त्यावर ठेवून मला निघता आलं असतं. मी आणखी जोराने दाबलं. मान वळवून गुरुजींकडे बघितलं. ते खाटेवर अर्धे उठले होते, उजव्या हाताने डावा हात पकडायचा प्रयत्न करत होते, पण बोटं रक्तावरून निसटत होती, ओला साबण निसटतो तशी. त्यांचा चष्मा लाल झाला होता. त्यांनी तो काढला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात ती ऊब होती. हे मी आज लिहिते आहे तेव्हाही माझी बोटं गार पडतात, पण होती. मग मावशी आल्या. हातातली बादली टाकून, फरशीवर घसरत, पडत आल्या आणि गुरुजींच्या हातावर अख्खं अंग टाकून झोपल्या. आपल्या छातीखाली त्यांनी तो हात चेपून धरला आणि ओरडल्या, "अरे कोणी आहे का रे? ही बाई बघ नुसती बघतीये!"

ही बाई म्हणजे मी.

मग सगळं झालं. पाण्याच्या खोलीतला तंत्रज्ञ आला, डॉक्टर आले, गुरुजींना स्ट्रेचरवर घातलं तेव्हा ते मेणासारखे झाले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांची ती शीर शस्त्रक्रिया करून कायमची बांधून टाकावी लागली. रक्ताच्या पाच बाटल्या लागल्या. ड्रायव्हरकाकांना पोलिसांनी खाटेवरच विचारलं. त्यांनी फक्त "हो, मी केलं" एवढंच सांगितलं आणि तोंडावर चादर ओढून घेतली. पुढे त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात पाठवलं. मला ते पुन्हा दिसले नाहीत. डॉक्टरांनी मला खोलीत बसवून विचारलं, "आधी कोणाकडे गेलीस?" मी म्हटलं, "ज्याचा पंप चालू होता त्याच्याकडे. पंप चालू राहिला तर मिनिटात पावशेर रक्त जातं." हे बरोबर होतं. पुस्तकात तसंच आहे. डॉक्टरांनी मान हलवली, लिहून घेतलं, वर म्हणाले, "डोकं शांत ठेवलंस." मावशी दारात फडकं पिळत उभ्या होत्या. पिळून कोरडं झालेलं फडकं पुन्हा पिळत राहिल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो फोनवर नकाशा बघत होता, त्याने मान वर केली. "आणि आपल्या माणसाला वाचवलंस?" त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "म्हातारा मेला का?" माझ्या हातात पाण्याचा स्टीलचा तांब्या होता. तो मी फेकला. ठरवून फेकला की कसा, कोण जाणे, पण तो त्याच्या भुवईवर बसला आणि ती फुटली. तो खुर्चीसकट मागे गेला. आणि मी? मी टेबल ओलांडून कधी त्याच्याजवळ पोचले मला कळलंसुद्धा नाही. त्याच्या भुवईवर माझा अंगठा बसला होता, घट्ट, नेमका. "हलू नकोस," मी म्हणत होते, "हलू नकोस, बघ माझ्याकडे, किती बोटं?" "वेड लागलंय तुला," तो म्हणाला. मी दाबून धरलं. एवढ्या लवकर पोचता येतं, हेच डोक्यात घुमत होतं. एवढ्या लवकर पोचता येतं तर. त्या दिवसापासून घरात आम्ही युद्धाचं बोललो नाही. दुसरंही फारसं नाही. त्याची भुवई शिवावी लागली, कामावर त्याने लिफ्टचं दार लागलं म्हणून सांगितलं.

हॉलमधला टीव्ही काढून टाकला. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला. माणसं आता फोनवर बातम्या बघायची, आवाज कमी करून, पाठ फिरवून. मोठ्यांनी पूल परत घेतला असं कोणीतरी म्हणालं. सहा नंबरवर एक नवीन बाई आली, शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी. तिला कोणी काही सांगितलं नाही. मी सुया लावत होते, वजनं लिहीत होते. रोज सकाळी पाच नंबरच्या मोकळ्या खाटेवर चादर अंथरायची आणि संध्याकाळी काढायची.

बाविसाव्या दिवशी गुरुजी आले. सुनेने हाताला धरून आणलं आणि ती बाहेर बाकावर बसली. वजनकाट्यावर ते नऊ किलोंनी कमी भरले. डावा हात गळ्यात अडकवला होता, आणि आता हाताला शीर नव्हती म्हणून गळ्याच्या उजव्या बाजूला, थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची नळी बसवली होती. ही नळी जोडताना हातापेक्षा जास्त जपावं लागतं. हवा गेली तर माणूस जातो, जंतू गेले तरी जातो. मी दुसऱ्या तंत्रज्ञाला म्हटलं, "तू लाव." गुरुजी म्हणाले, "तिलाच लावू दे." एवढंच. मी हात धुतले, मास्क लावला, त्यांनाही लावला. म्हटलं, "गुरुजी, मान तिकडे वळवा." त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि गळा माझ्यासमोर आला. सुरकुतलेला, नीट दाढी केलेला, आणि कातडीखाली नाडी उडत होती.

"डॉक्टर वॉर्डात येऊन विचारून गेले," ते भिंतीशी बोलले. "आधी कोणाकडे गेली म्हणून. मी म्हटलं, माझी शुद्ध हरपली होती."

"नव्हती हरपली."

"नव्हती. तू त्याचा हात धरलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस." मी पट्टी सोडवत होते. ते म्हणाले, "त्यात काय. माणूस आधी आपल्या माणसाकडेच जातो. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

मला वाटलं होतं ते ओरडतील. वर्गाबाहेर काढतील. उलट त्यांनी मला जणू बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. मास्कच्या आत माझाच श्वास गरम होऊन परत येत होता.

"तसं म्हणू नका," मी म्हटलं.

"मग कसं म्हणू?"

"मला दिसत होतं तुमचं जास्त आहे. ड्रायव्हरकाका ओरडत होते, मला सोड म्हणून. मला ऐकू येत होतं. त्यांना सोडून येता आलं असतं. मला वाटलं, वाहू दे."

त्यांच्या गळ्यातला कंठ वर गेला आणि खाली आला. शेजारी ग्रंथालयवाल्या बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. गुरुजींनी विचारलं, "किती वेळ?"

"मावशी येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"चाळीस सेकंद असतील."

"चाळीस," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "चाळीस." मग भिंतीकडेच बघत, "तो 'जळणारच' शब्द माझ्या तोंडून चुकून नव्हता आला. बुधवारपासून तोंडात धरून ठेवला होता. नेमका कधी टाकायचा त्याची वाट बघत होतो." त्यांनी डोळे मिटले. "लाव आता. साडेसात वाजून गेले."

मी टोपणं काढली, औषधाने पुसली, नळ्या जोडल्या, हवा नाही ना ते दोनदा बघितलं, चिमटे उघडले, पंप सुरू केला. त्यांचं रक्त नळीतून निघालं आणि यंत्राकडे गेलं. तेव्हा गुरुजींनी उजवा हात हळूच वर नेला, गळ्यातून बाहेर आलेल्या त्या दोन्ही नळ्या चाचपल्या आणि मुठीत धरल्या, घट्ट, सांधे पांढरे पडेपर्यंत. "गुरुजी, हात दुखेल," मी म्हटलं. त्यांनी मूठ सोडली नाही. मग मी स्टूल ओढलं आणि त्यांनी डोळे उघडले तर माझे दोन्ही हात त्यांना दिसतील अशा जागी बसले. चार तास.